पुन्हा मोजणाऱ्यांना सप्रेम सल्ला

परिसंस्थाशास्त्रात, म्हणजे आपण बोलताना ज्याला सरळ इकॉलॉजी म्हणतो त्या विषयात, पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला काही हिताच्या गोष्टी सांगण्याची निकड गेल्या महिन्यात उत्पन्न झाली. माझ्या एका विद्यार्थिनीने सिनॉप्सिस, म्हणजे पीएच.डी.च्या विषयाचा प्रस्ताव, सादर केला होता. साताऱ्याच्या पश्चिमेकडील जांभ्याच्या पठारांवर चराई, गवत आणि पावसाळी फुले यांचा संबंध काही वर्षांपूर्वी एका पेपरात मांडला गेला होता. त्याच जागी, त्याच पद्धतीने आणि त्याच महिन्यांत मोजणी करून तो संबंध आजही तसाच दिसतो का, एवढेच तिला पाहायचे होते. "अगं बाळ, झालेलं काम परत कशाला करायचं? काहीतरी नवीन घे," असे समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी अत्यंत प्रेमाने सांगितले आणि 'विषयात नावीन्याचा अभाव' असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. आरआरसीसमोर, म्हणजे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या या समितीसमोर, गाईडने फार बोलायचे नसते, हा संकेत मी पाळला. तेव्हा जे गिळले ते आता उपदेशाच्या रूपाने तुमच्यापुढे ठेवत आहे.

पहिली गोष्ट विषयनिवडीची. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणी एकदा दिले आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. खटाव तालुक्यातील एखाद्या तलावावरच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली असेल, तर आपण माण तालुक्यातील तलाव धरावा. तेथेही कोणी पोहोचला असेल तर आटपाडी गाठावी आणि तालुके संपले की जिल्हा बदलावा. यालाच नावीन्य म्हणतात. यात आपण जगाच्या मागे आहोत असे मुळीच मानू नये. परिसंस्था आणि उत्क्रांती या विषयांतील स्वतःला 'पुनरावृत्ती' म्हणवून घेणारे पेपर किती, याची मोजदाद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते प्रमाण सुमारे ०.०२३ टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन-तीन निघाले. आपली समिती जागतिक दर्जाची आहे, याचा याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

नमुने घेताना मात्र संख्या भरपूर दाखवावी. समजा, पठारावरचा एक तुकडा कुंपणाच्या आत आहे आणि दुसरा बाहेर. आत पन्नास चौकटी, म्हणजे रोपे मोजण्यासाठी जमिनीवर आखलेले चौकोन, टाकाव्यात, बाहेर पन्नास टाकाव्यात आणि नमुना शंभराचा असल्याचे छातीठोकपणे लिहावे. कुंपण एकच आहे, त्यामुळे कुंपणाचा परिणाम तपासण्यापुरता नमुनाही एकच आहे आणि आतल्या-बाहेरच्या जमिनीत मुळातच मातीच्या खोलीचा किंवा पाणी साचण्याचा फरक असेल तर तो या शंभर चौकटींना कधीच कळणार नाही, असली कुरकुर करणारे लोक असतात. स्ट्युअर्ट हर्लबर्ट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ती १९८४ मध्ये केली होती. त्याने क्षेत्रीय प्रयोगांचे १७६ अभ्यास तपासले आणि ज्यांत संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या होत्या त्यांपैकी ४८ टक्क्यांत ही खोटी पुनरावृत्ती दाखवून दिली. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण एकाच घरच्या पातेल्यातली पन्नास शिते चाचपून साऱ्या गावचा भात शिजल्याची दवंडी पिटू नये, इतके साधे त्याचे म्हणणे होते. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. आपल्याकडे कासच्या कुंपणाने फुले राखली की चराई थांबल्यामुळे गवत माजून फुले कमी झाली, यावर साताऱ्यात अजूनही दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना आपापला आवडता हंगाम तोंडपाठ आहे. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा एकत्र फुलते, त्यामुळे दोन पावसाळ्यांच्या अभ्यासात ती एक तर ठासून भरलेली दिसते किंवा अजिबात दिसत नाही. पण फेलोशिप काही सात वर्षे मिळत नाही, म्हणून या तपशिलाकडे दुर्लक्ष करणेच व्यवहार्य ठरते.

पद्धती लिहिताना 'पठारावरील योग्य ठिकाणी चौकटी टाकण्यात आल्या' एवढे वाक्य पुरे.

निष्कर्षांच्या बाबतीत संकोच नसावा. परिसंस्था आणि उत्क्रांती या क्षेत्रांतील ८०७ संशोधकांना २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांच्या सवयी विचारल्या होत्या. जे निकाल संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आले नाहीत ते आपण निदान एकदा तरी गाळले, असे ६४ टक्क्यांनी सांगितले. निकाल लक्षणीय येतो का ते पाहून मग आणखी नोंदी गोळा केल्याचे ४२ टक्क्यांनी मान्य केले, तर अनपेक्षितपणे हाती लागलेली गोष्ट आपण आधीपासूनच गृहीत धरली होती असे ५१ टक्क्यांनी भासवले होते. नाव न सांगता का होईना, त्यांनी कबूल तरी केले. आपल्याकडे ही पाहणी झाली तर सगळे रकाने शून्याचे येतील आणि तो निकाल कितीही वेळा तपासला तरी तसाच येईल.

आता डेटाविषयी. येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण विद्यार्थी याच ठिकाणी भाबडेपणा करतात. पेपरच्या शेवटी 'वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून दिला जाईल' असे अवश्य लिहावे. हे वाक्य जर्नलला आवडते, वाचकाला आश्वस्त करते आणि लिहिणाऱ्याला कशानेही बांधत नाही. कोणी खरोखरच ईमेल पाठवला तर पहिल्या ईमेलला उत्तर देऊ नये. दुसऱ्याला 'सध्या कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या कामात आहे' असे कळवावे. तिसऱ्याला 'तुम्हाला तो नेमका कशासाठी हवा आहे?' असे विचारावे, म्हणजे विनंती वाजवी नव्हती हे आपोआप सिद्ध होते. फोन आलाच तर फील्डवर रेंज नव्हती. सहलेखकाकडे बोट दाखवावे. सहलेखक निवृत्त असेल तर उत्तम. माझ्या विद्यार्थिनीला हे सारे टप्पे यथासांग पार केल्यावर शेवटी असे कळवण्यात आले की मूळ नोंदवह्या विभागाच्या स्थलांतरात गहाळ झाल्या आहेत, एक्सेलची फाईल जुन्या संगणकावर होती, तो संगणक निर्लेखित झाला आहे आणि चौकटींच्या जागा 'पठारावर गेलात की लक्षात येतील'. पठारावर गेलात की लक्षात येतील! मैलोन्मैल पसरलेल्या त्या जांभ्यावर एका मीटरची चौकट काही वर्षांपूर्वी कोणत्या दगडाशेजारी ठेवली होती, हे लक्षात येण्यासाठी संशोधक नको, देवऋषी हवा. तरी या थापांना निदान आंतरराष्ट्रीय परंपरा आहे. प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा माशांच्या पिलांवर होणारा परिणाम सांगणारा स्वीडनमधील एक पेपर २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. शंका उपस्थित झाल्यावर मूळ डेटा असलेला लॅपटॉप गाडीतून चोरीला गेल्याचे सांगण्यात आले, आणि २०१७ मध्ये तो पेपर मागे घ्यावा लागला. उलट समूहाने राहणाऱ्या कोळ्यांच्या (स्पायडरच्या) वर्तनावरचे पेपर २०२० मध्ये कसे उघडे पडले? त्यांचा डेटा सर्वांसाठी खुला ठेवलेला होता म्हणून. शंका कानावर आल्यावर केट लास्कोव्स्की या सहलेखिकेने स्वतःच्याच पेपरामागचे आकडे पुन्हा उघडले, त्यांत तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा येत असल्याचे तिला दिसले आणि तिने पेपर मागे घेतले. डेटा लपवणे किती शहाणपणाचे आहे, हे यावरून तुमच्या लक्षात यावे.

डेटा दिलाच, तर विश्लेषणाचा कोड देऊ नये. एका मोठ्या प्रयोगात १७४ गटांना तोच डेटा, त्याच प्रश्नासह दिला गेला होता. एक संच पिवळ्या-निळ्या टिट पक्ष्याच्या पिलांचा आणि दुसरा निलगिरीच्या रोपांचा. उत्तरे एकमेकांपासून बरीच लांब पांगली. आपण कोणत्या वाटेने गेलो हे गुलदस्त्यात असलेलेच बरे.

एवढे करूनही एखाद्या हट्टी माणसाने तुमचे काम पुन्हा केले आणि त्याचे उत्तर वेगळे आले, तर 'परिसंस्था गुंतागुंतीची असते' असे म्हणावे. हे वाक्य अडचण एवढीच निर्माण करते, की ते खरे आहे. एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेकडे माणमध्ये पाचशेच्या आसपास. तेव्हा एका टोकाचा निष्कर्ष दुसऱ्या टोकाला लागू पडेलच असे नाही. पण मग तो कोठपर्यंत लागू पडतो, कोणत्या पावसानंतर फिरतो, हे सांगण्याची जबाबदारी कोणाची? ते तर पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी मोजल्याशिवाय कळणार नाही. गुंतागुंत हे पुन्हा मोजण्याचे कारण आहे आणि आपण ती न मोजण्याची सबब म्हणून वापरतो. ऑस्ट्रेलियातील प्रवाळ माशांबाबत असे सांगितले जात होते, की समुद्राच्या पाण्याची आम्लता वाढली की माशांचे वर्तन बिघडते आणि ते भक्षकाचा वासही ओळखत नाहीत. काही संशोधकांनी तीन वर्षे खपून सहा जातींच्या नऊशेहून अधिक माशांवर ते प्रयोग पुन्हा केले आणि परिणाम नगण्य असल्याचे २०२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले. आमच्या समितीने त्यांना पहिल्याच दिवशी वाचवले असते.

राहता राहिले उचलेगिरी पकडण्यासाठी मजकुरातील साम्य तपासणारे सॉफ्टवेअर. पद्धत तंतोतंत तीच वापरायची असेल तर तिचे वर्णनही तेच होणार, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंतच बिनदंडाचे. म्हणून 'एक मीटर बाय एक मीटरची चौकट' असे न लिहिता 'एक चौरस मीटर क्षेत्र वेष्टणारी समभुज चौकोनी सीमा' असे लिहावे. पुढच्या वाचकाला ती चौकट तीच होती की निराळी, हे कळू नये याची पुरेपूर काळजी नियमानेच घेतलेली आहे.

आता हा आव पुरे झाला. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे सरडे वाढले, त्यांचा बुजरेपणा कमी झाला, असा अभ्यास भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला आणि तो २०१८ मध्ये जगातल्या नामांकित जर्नलमध्ये आला. आपल्या दारातले पठार, आपले सरडे. सांगली जिल्ह्यात ढालगावला पवनचक्क्या आहेत, गुढे-पाचगणीला आहेत. तेथेही तसेच घडते का, की ढालगावसारखी कोरडी जमीन आणि वेगळे पक्षी यांमुळे काही निराळे घडते, हे तपासणे एम.एस्सी.च्या पोरांनाही जमण्यासारखे आहे. दुर्बीण, दोरी, वही आणि एसटीचा पास, याहून फारसे काही लागत नाही. असा विषय घेऊन विद्यार्थी आला तर तुम्ही त्याला काय सांगणार आहात? झालेले आहे म्हणून?

सदस्य महोदय, तुमच्या या नावीन्याच्या हव्यासाची किंमत तुम्ही मोजत नाही. एका हंगामाच्या, एका कुंपणाच्या आणि कोणीही न तपासलेल्या आकड्यांवर पठारे बंद होतात आणि पठारे खुली होतात. चराई घातक असे एका पेपरात आले की गवळी-धनगरांच्या म्हशी हाकलल्या जातात, आणि चराई आवश्यक असे दुसऱ्यात आले तर त्याच लोकांना परत बोलावण्याची भाषा सुरू होते. तो पेपर चूक की बरोबर हे सांगण्याची सोय आपण ठेवलेलीच नाही, आणि ज्या मुलीला ती करायची होती तिला तुम्ही 'बाळ' म्हणून परत पाठवले. पुनर्तपासणीला पदवीच्या कामात जागा नाही, असे कोणत्या नियमात लिहिले आहे ते मला दाखवा. नियम नाही, केवळ तुमची सवय आहे. ती मोडा. प्रत्येक विभागाने दर वर्षी आपल्याच जिल्ह्यातला एक जुना अभ्यास विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घ्यावा, आणि उत्तर जुळले काय किंवा न जुळले काय, ते छापावे. तशा पेपरला गुण देण्यात हात आखडता घेऊ नये.

आणि ज्यांच्या कपाटांत वीस-वीस वर्षांच्या नोंदवह्या, पेनड्राइव्ह आणि सीडी पडून आहेत, त्या माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींनो, येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्या उघडा. आकडे टंकून घ्या, अक्षांश-रेखांश लिहा, जेथे ते माहीत नाहीत तेथे तसे स्पष्ट नोंदवा आणि कोणालाही न विचारता उतरवून घेता येईल अशा जागी ठेवून द्या. तो पैसा सरकारचा होता, पठार लोकांचे होते. तुमची त्यात फक्त वही होती. निवृत्तीच्या आठवड्यात ती रद्दीवाल्याला घालायची आणि निरोपसमारंभात सह्याद्रीच्या जैवविविधतेवर गहिवरून बोलायचे, हा प्रकार आता बंद करा.