विश्रांतीच्या दिवशीच्या भेटी

निधी गोळा करायला निघालेल्या सायकलस्वारांनी विश्रांतीचा दिवस अपंगांच्या संस्था बघण्यात घालवला, हे तुमच्या लेखात वाचलं आणि आवडलं. पाय दुखत असताना लोळायचं सोडून! खटकलं ते एवढंच, की लेखात संस्थाचालक भरभरून बोलतात आणि तिथं शिकणारी माणसं फक्त फोटोत दिसतात. संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार २००६ चा. 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको' ही अपंगांच्या चळवळीची घोषणा त्याहून जुनी. पुढच्या वेळी एखादी टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, न्या. पुढे डोळस चालक, मागे अंध जोडीदार, पॅरालिम्पिकमध्ये असतात तसे. मागचा नुसता बसत नाही हं, तोही पेडल मारतो, चढावर तर त्याच्याशिवाय भागत नाही. आणि हो, जमलेले पैसे नेमके कशावर खर्च होणार, तेही लिहा.