"मी मेटाला परवानगी देत नाही" ही पोस्ट टाकणाऱ्या सगळ्यांसाठी

ती पोस्ट परत फिरायला लागलीये. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मेटा म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपची कंपनी, आणि पोस्टमध्ये असं लिहिलंय. उद्यापासून मेटाचा नवीन नियम लागू, तुमचे फोटो, मेसेज, अगदी डिलीट केलेलं पण पब्लिक होणार, आज शेवटचा दिवस. मी मेटाला माझी माहिती वापरायची परवानगी देत नाही, यूसीसी १-३०८ आणि रोम कायद्यानुसार ही नोटीस समजावी. शेअर नको, कॉपी-पेस्ट करा, नाही टाकलं तर तुमची मूक संमती धरली जाईल. खाली हात जोडलेले इमोजी आणि कमेंटमध्ये "धन्यवाद ताई, मी पण टाकते".

टाकणाऱ्यांना हसायचं नाहीये मला. आपले फोटो कोण कुठे वापरतंय ही भीती अगदी खरी आहे. पण पोस्टमधलं एकेक वाक्य धरून बघू.

"उद्यापासून". कुठला उद्या? हीच पोस्ट २०१२ मध्ये फिरत होती, तेव्हा कारण दिलं होतं की फेसबुक शेअर बाजारात आलं म्हणून. २०१९ ला इन्स्टाग्रामवर आली, तेव्हा ज्युलिया रॉबर्ट्सनं टाकली आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी, रिक पेरींनी पण टाकली, शेवटी इन्स्टाग्रामच्या प्रमुखांना सांगावं लागलं की हे खोटं आहे. सप्टेंबर २०२४ ला "गुडबाय मेटा एआय" म्हणून परत, त्या वेळी कंपनीनं स्पष्ट सांगितलं की असली पोस्ट म्हणजे हरकत धरली जात नाही. पोस्टमध्ये तारीख कधीच नसते बघा, कारण तारीख लिहिली तर दुसऱ्या दिवशी शिळी होईल ना. आणि शेअर नको, कॉपी करा असं का? शेअर केलं तर मूळ कोणाची ते दिसतं आणि मूळ उडाली की पुढच्या सगळ्या उडतात, कॉपी केली की प्रत्येक जण स्वतःच लेखक, उगम शोधत बसा.

कायदे तर कायच्या काय. यूसीसी म्हणजे अमेरिकेतला व्यापारी व्यवहारांचा कोड. रोमचा करार १९९८ चा, त्यातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं, तिथे वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालतात, आणि भारतानं त्यावर सहीच केलेली नाही. तुमचा महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला फोटो त्यात कुठे बसवायचा ते ती नोटीस लिहिणाऱ्यालाच विचारा.

आता मुख्य वाक्य, "परवानगी देत नाही". अहो, दिलीये. अकाउंट उघडताना न वाचता जे ओके केलं त्यातच दिलीये. फोटो तुमच्याच मालकीचा राहतो हे खरं, ते अटींमध्ये लिहिलेलं पण आहे, पण तो ठेवायचा, दाखवायचा, वापरायचा जगभराचा फुकट परवाना तुम्ही कंपनीला देता आणि तुम्ही तो फोटो त्यांच्या सिस्टीममधून काढलात की तो परवाना संपतो. म्हणजे मागे घ्यायचा रस्ता आहे, पण तो डिलीट किंवा सेटिंग असा आहे, वॉलवर घोषणा असा नाही. एसटीत बसून तिकीट काढायचं आणि मग खिडकीला चिठ्ठी चिकटवायची की महामंडळाचे नियम मला मान्य नाहीत, कंडक्टर काय करणार, चिठ्ठी वाचून पुढच्या सीटकडे जाणार.

"डिलीट केलेले मेसेज पण पब्लिक होणार" हे साफ खोटं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत, मधे कंपनी सुद्धा वाचू शकत नाही. हां, गूगल किंवा आयक्लाउडवर जो बॅकअप जातो त्याचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, ते चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये आहे, आणि बऱ्याच जणांनी ते कधी उघडूनच बघितलेलं नसतं.

पण याच्या शेजारीच एक खरी गोष्ट आहे, ती पोस्टवाल्यांना माहीतच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीत मेटाच्या प्रायव्हसी अधिकाऱ्यांना थेट विचारलं, तर त्यांनी मान्य केलं की २००७ पासूनच्या १८ वर्षांवरच्या लोकांच्या पब्लिक पोस्ट आणि फोटो एआयला शिकवायला घेतलेत, ज्यांनी स्वतः प्रायव्हेट करून ठेवल्या त्यांच्या सोडून. युरोपातल्या लोकांना तिथल्या कायद्यामुळे हरकत नोंदवायचा फॉर्म मिळाला, आपल्याला तसा नाही. म्हणजे तुमच्या हातात उरतं काय, तर पोस्टच्या वेळेशेजारचं छोटं चिन्ह. तिथे पृथ्वीचा गोळा असेल तर ती पोस्ट अख्ख्या जगाला उघडी आहे. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जुन्या पोस्टना मर्यादा घालायचा एक पर्याय आहे, त्यानं मागच्या सगळ्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात फ्रेंड्सपुरत्या होतात. ज्यांनी ज्यांनी ती नोटीस टाकलीये त्यांच्या नोटिशीवर गोळाच दिसतोय मला, वर नाव, गाव सगळं.

मराठी व्हर्जनमध्ये यंदा एक नवीन ओळ जोडलीये कोणीतरी, "सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला आहे त्यामुळे ही पोस्ट पुरावा ठरेल". पहिला अर्धा भाग बरोबर आहे, पुट्टस्वामी खटला, २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्तींचा एकमताचा निकाल. त्यानंतर २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून पुढे १८ महिन्यांची मुदत दिलीये. संमती मागे घ्यायचा हक्क त्यात आहे, दंड २५० कोटींपर्यंत आहे, सगळं छान. फक्त कलम ३ वाचा. जी वैयक्तिक माहिती तुम्ही स्वतः जाहीर केलीये तिला हा कायदा लागूच होत नाही, आणि कायद्यात याचं जे उदाहरण दिलंय ते सोशल मीडियावर स्वतःची माहिती टाकणाऱ्या बाईचंच आहे! त्यामुळे ती पब्लिक पोस्ट पुरावा ठरलीच तर तुम्ही माहिती आपणहून उघडी ठेवल्याचा ठरेल.

शेवटी सगळे एकच म्हणतात, "बरं खोटं असेल, पण टाकून ठेवायला काय जातंय?" जातं ते असं. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, त्यांनी सकाळी ती नोटीस टाकली आणि दुपारी नातवाचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो, पब्लिकच. गळ्यात आयकार्ड, झूम केलं की शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी वाचता येते, मागे स्कूलबसचा नंबर, कॅप्शनमध्ये लाडाचं नाव आणि "रोज ७.१० ला आमच्या गेटसमोरून". नोटीस टाकली म्हणजे आपण सेफ, असं एकदा डोक्यात बसलं की मग सेटिंग उघडायचा कंटाळा सगळेच करतात, काकूंना एकट्यांना काय बोलणार.

शिवाय दरवेळी माहिती तुमच्याच हातून जाते असं पण नाही. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेल्याचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं. भारतात ती माहिती गोळा करणारं क्विझवालं अ‍ॅप ३३५ जणांनी घेतलं होतं आणि माहिती जाण्याची शक्यता निघाली ५ लाख ६२ हजार लोकांची, कारण अ‍ॅप मित्रयादी पण ओढत होतं. या साडेपाच लाखांपैकी कोणी वॉलवर नोटीस लावली असती तरी काय झालं असतं? मित्रानं "तुमचा स्वभाव ओळखा" दाबलं, विषय संपला. २०१५ पासून अ‍ॅपना मित्रांची माहिती तशी मिळत नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर भाडेकरूच्या आधारचा फोटो टाकणारे सेक्रेटरी आहेतच की. लाडकी बहीणच्या फॉर्मच्या वेळी आधार आणि पासबुकचे फोटो कुठकुठल्या ग्रुपवर फिरले ते तुम्ही पण पाहिलं असेल. मास्क्ड आधार मिळतो, त्यात शेवटचे ४ आकडे दिसतात, जिथे चालतो तिथे तोच द्या.

काकूंना फोन करून पोस्ट फ्रेंड्सपुरती कशी करायची ते सांगितलं, नातवाचा फोटो काढला त्यांनी, नोटीस मात्र "असू दे रे" म्हणून ठेवलीये. नव्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर कंपनीनं आईवडिलांची परवानगी घ्यायचीये, घरगुती कारणासाठी वापरणाऱ्याला हा कायदाच लागू नाही, म्हणजे आजीला सूट आहे. सूनबाईंना विचारून टाकला होतात का, हे मी काही विचारलं नाही, मला त्यांच्याकडे पुन्हा चहाला जायचंय.