दिवाई त झाली, आता कंदील कायचा?

परवा संध्याकाळी ओसरीत तारा टांगत होतो. समोरच्या काकू कापूस वेचून घरी येत होत्या. डोक्यावरच्या गाठोड्यासकट थांबल्या अन् म्हणाल्या, "काऊन जी भाऊ, दिवाई त झाली, आता कंदील कायचा?"

"कंदील नाई काकू, तारा हाय. येशू जलमला त्या रातचा."

"हाव का? मंग आतापावतर काऊन नाई लावला?"

वीस वर्षांपासून समोरासमोर राहतो आम्ही. काय सांगणार होतो?

तारा तर आमच्याकडे दरवर्षी व्हायचाच. बाबा मागच्या सालच्या तुराट्यांमधून सरळ तेवढ्या निवडून ठेवायचे. पाच टोकं सुतळीनं आवळायची, वरून लाल पतंगी कागद कणकेच्या खळीनं चिकटवायचा, आत झिरोचा बल्ब. खळ वाळेपर्यंत आम्हा पोरांना हात लावायची बंदी. अन् एवढी मेहनत करून तो टांगायचा कुठं, तर मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीवर! खिडकीला पडदा. "उगाच लोकाच्या डोळ्यावर कायले याचं," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. माणूस भित्रा नव्हता, रात्री-बेरात्री एकटा ओलिताला जायचा. पण गावात ख्रिस्ती घरं तीन. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात आम्ही शेकडा एकसुद्धा भरलो नाही.

या दबून राहण्याला एक कागदी कारणही आहे. अनुसूचित जातींच्या सवलती कोणाला मिळणार हे ठरवणारा १९५०चा आदेश आधी फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ला त्यात शीख आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेरच. माझ्या ओळखीत अशी घरं आहेत, जिथं रविवारची भक्ती एक अन् कागदावरचा धर्म दुसरा. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो.

पण ज्यांना अशी काही अडचण नाही, त्यांचं काय? म्हणजे माझंच. डिसेंबर लागला की तालुक्याच्या कॉन्व्हेंटात पोरं लाल टोप्या घालून नाचतात, दाढीला कापूस घरचाच. सांताक्लॉजचा कोणालाच त्रास नाही, केकचा तर नाहीच नाही. येशूचं नाव काढलं की मात्र भुवया चढतात, "बाटवायले निंघाले का?" म्हणून आम्हीही सोयीचं तेवढंच धरलं. स्टेटसला घंटा, हरणं, बर्फ. वऱ्हाडात बर्फ! बारसं करायचं अन् बाळाचं नाव सांगायचं नाही, असली तऱ्हा.

राज्यघटनेचं कलम २५ धर्म नुसता मनात ठेवायला सांगत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती अन् आरोग्य सांभाळून तो मोकळेपणानं प्रकट करायचा, आचरायचा, त्याचा प्रसारही करायचा हक्क देतं. (मी काही कलम वाचून तारा बाहेर काढला नाही. पोरगी म्हणाली, "बाबा, आत कोणाले दिसते?" तेवढंच.)

अन् 'गोऱ्यांचा देव' म्हणणाऱ्यांनी आमची गाणी एकदा ऐकावीत. पेटी, टाळ, ढोलकी. त्यातली कितीतरी भजनं नारायण वामन टिळकांची. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांच्या हाती बायबल आलं, १८९५ला बाप्तिस्मा झाला. भाषा तीच राहिली, अभंगाचा ठेकाही तोच राहिला.

आमच्यातही चुका होतात. दोन वर्षांमागं काही उत्साही लोकांनी नाताळच्या फराळाच्या ताटात धर्माची पत्रकं घातली. एका घरून ताट जसंच्या तसं परत आलं, अनारशांसकट. मला राग आला तो पत्रकं घालणाऱ्यांचा. कोणी विचारलं तर पूर्ण सांगावं, लाजू नये. पण करंजीला गळ लावू नये.

काकूंना त्या दिवशी एवढंच म्हटलं, "भेव लागे जी."

त्या हसल्या नाहीत. गाठोडं खाली ठेवून बराच वेळ ताऱ्याकडे बघत राहिल्या. एक टोक वाकडं झालंय, तेही दाखवलं. मग विचारलं, गाणं म्हणत फिरता ते कधी? मी सांगितलं, चोवीसच्या रात्री. दरवर्षी आम्ही आमच्या तीन घरांपुरतंच फिरतो.

"आमच्या दारीबी या मंग. टाइम सांगजा जी, कुत्रं बांधून ठेवीन."