बापूने गोळी बंद केली, त्यावरून

काल मारुतीच्या पारावर आवाज चढले ते बापूच्या एका वाक्यावरून. "परवा बीपी मोजलं, 128/82 आलं. नॉर्मल आहे म्हटल्यावर गोळी बंद केली."

नाना उसळलाच. "अरे, ते नॉर्मल गोळीमुळेच आलं ना!"

"एकदा घेतली की जन्मभर सवय लागते. आणि मला होतंय काय? डोकं दुखत नाही, चक्कर नाही."

मला गप्प बसवेना. काही होत नाही, हाच तर या दुखण्याचा घात आहे. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते दोन ठोक्यांच्या मध्ये सैल पडतं तेव्हाचा. हा दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की धमन्या ताठर होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात. यातलं काही दुखत नाही. कळतं ते थेट लकवा मारल्यावर किंवा डायलिसिसची वेळ आल्यावर. आणि सवय गोळीची नाही लागत, आजारच बहुधा जन्माचा असतो. वजन आणि मीठ उतरवलं तर कधी डोस कमी होतो, पण तो डॉक्टरांनी करायचा.

बापूने ठेवणीतला हुकूम काढला. "वयात 100 मिळवायचे. मी 66चा, 166पर्यंत चालतं."

यावर सर बोलले. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. "अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट, त्याचं काय झालं ठाऊक आहे? मार्च 1944मध्ये हृदयतज्ज्ञाने तपासलं तेव्हा 186/108 होतं. वयाच्या मानाने प्रकृती उत्तम, असं त्याचा खासगी डॉक्टर लोकांना सांगत राहिला. 12 एप्रिल 1945ला रूझवेल्ट डोकं भयंकर दुखतंय म्हणाला आणि कोसळला. तेव्हाचा आकडा 300/190. मेंदूत रक्तस्राव. वय 63. त्या काळी धड औषधच नव्हतं, बापू. तुझं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं."

दवाखान्यात 140/90 किंवा त्याहून जास्त वारंवार आलं तर तो उच्च रक्तदाब, मग वय काहीही असो. वयात शंभर मिळवण्याचा हिशोब डॉक्टरांनी कधीच टाकून दिलाय.

मध्येच तात्याने सैंधवाची बाजू घेतली. तेही मिठासारखं सोडियमच, नाव कोणतंही घ्या. दिवसाला मीठ सगळं मिळून एक लहान चमचा, पाच ग्रॅमच्या आत; त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. तात्याला ते पटलं नाही, अजूनही नाही.

बापू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खरं सांगू? घोट्यांना सूज येत होती. चप्पल घालवत नव्हती."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना काय वाटेल!"

मला हे ऐकून वाईट वाटलं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, डॉक्टरांना ते ठाऊक असतं, डोस किंवा गोळी बदलून मिळते. किती माणसं एवढं सांगायच्या संकोचापायी औषधच टाकतात!

उद्या सकाळी नाना त्याला घेऊन जाणार आहे. चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं बापूला कसं जमणार, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.