अकरा फुटी बॅकयार्ड

फ्लॅट दाखवताना एजंटने स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, हात पसरला आणि म्हणाला, "आणि हे तुमचं बॅकयार्ड."

पार्ले पूर्वेला, तळमजल्यावर. मी डोकावून पाहिलं. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता. बोळात पंपरूम, ड्रेनेजची दोन झाकणं, वरच्या मजल्यांवरून उतरलेले पाइप आणि शेवटच्या घटका मोजणारी एक तुळस. याला आमच्या लहानपणी 'मागची गल्ली' म्हणत आणि तिथे चेंडू गेला तर आणायला कोण जाणार यावर भांडणं होत. पण बायको गिरगावातल्या चाळीत वाढलेली. स्वतःच्या दारामागे आकाश दिसतंय, एवढ्यावरच ती भाळली. त्या आकाशाला आडव्या चार दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांवर दुसऱ्या मजल्याच्या चादरी, हे तिला ताबा घेतल्यावर दिसलं.

तीन वर्षं त्या बॅकयार्डचा उपयोग आम्ही 'आम्हाला बॅकयार्ड आहे' असं सांगण्यापुरता केला. मग थोरली पाच वर्षांची झाली, धाकटा तीन, आणि रविवार संध्याकाळच्या बागेतल्या रांगा सुरू झाल्या.

मुंबईत बागेतल्या झोपाळ्याची रांग ही रेशनच्या रांगेपेक्षा कडक असते. दोन झोपाळे, त्यातल्या एकाची साखळी तुटलेली. उरलेल्यावर एक दहा-बारा वर्षांचा दांडगोबा उभा राहून झोके घेतोय, त्याची आई मोबाइलमध्ये, आणि रांगेतल्या सगळ्या आया एका सुरात "बाळा, आता त्याला दे हां" म्हणतायत. या 'हां'मध्ये धमकी असते, पण ती फक्त आयांनाच ऐकू येते. आमचा नंबर लागेपर्यंत धाकटा झोपलेला असे. एकदा आम्ही मोठ्या हौसेने दोघांना मलबार हिलवरच्या बागेत म्हातारीच्या बुटात, म्हणजे त्या बुटाच्या आकाराच्या घरात, घेऊन गेलो. बुटात चढले, वरून समुद्र पाहिला, आणि खाली उतरल्यावर थोरलीने विचारलं, "झोपाळा कुठे आहे?"

म्हणून आम्ही ठरवलं. आपल्याला बॅकयार्ड आहे ना?

सुरुवात अर्थातच मोबाइलवर झाली. बायकोने अमेरिकेतल्या मुलांचे लाकडी झोपाळे शोधून काढले. झोपाळा कसला, तो किल्लाच होता. वर बुरूज, बाजूला घसरगुंडी, मागे चढायला खडकाळ भिंत, खाली वाळूचा हौद. पायथ्याशी अशी हिरवळ, की आमच्या सोसायटीने ती पार्किंगसाठी आखून नंबर घातले असते. लाकूड पाइनचं, कीड लागू नये म्हणून मसाला मारलेलं. पूर्वी त्या मसाल्यात आर्सेनिक असायचं आणि 2003 च्या अखेरीस तिकडे घरगुती वापरासाठी ते बंद झालं, हेही बायकोने वाचून दाखवलं. मी म्हटलं, आपल्याकडे मसाल्याचा प्रश्न येणारच नाही, आधी वाळवी येईल.

मग तिने सुरक्षिततेचे नियम काढले आणि आमच्या संसारात मोजपट्टी शिरली.

नियम असा की झोपाळ्याचा आडवा दांडा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे मोकळी हवी आणि तितकीच मागे. दांडा सहा फुटांवर धरला तरी 12 आणि 12, म्हणजे 24 फूट. बोळाची लांबी 40, तेव्हा लांबीच्या दिशेने झोका बसत होता. फक्त जोर जास्त लागला तर पाय पंपरूमच्या दाराला. रुंदीचं गणित मात्र अवघड निघालं. दोन पाळण्यांमध्ये दोन फूट, पाळणा आणि खांब यांच्यात दोन्हीकडे अडीच फूट. त्यात मोठीची सपाट सीट दीड फूट, छोट्याची बादलीसारखी, पाय घालायला भोकं असलेली सीट एक फूट. बेरीज साडेनऊ. बोळ 11 फूट. उरलेल्या दीड फुटातून पंप चालू करायला येणाऱ्या वॉचमनने कसं जायचं? वॉचमनचं पोट मी मनातल्या मनात मोजलं आणि दोन पाळण्यांचा विचार सोडून दिला. शिवाय झोपाळ्याच्या चहूबाजूंना सहा फूट मोकळं ठेवा, असंही त्या यादीत होतं. ते मी बायकोला वाचूच दिलं नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की झोपाळा म्हणजे लोखंड किंवा लाकूड नव्हेच. झोपाळा म्हणजे रिकामी हवा, तिच्या कडेला चार पाइप. पाइप मुंबईत कुठेही मिळतात.

आई या सगळ्या मापांकडे तुच्छतेने बघत होती. "आमच्या ओटीवर सागवानी पाटाचा झोपाळा होता. पितळी कड्या. महिन्यातून एकदा कड्यांना खोबरेल लावायचं. आठ-आठ पोरं बसायची एकदम, कोणी पडलं नाही."

"कोणीच नाही?"

"तुझा मामा पडला. पण त्याच्या डोक्याला आधीपासूनच..." असं म्हणून आई थांबली आणि विषय सागवानाकडे वळला.

सागवानासाठी आम्ही जोगेश्वरीच्या फर्निचरच्या दुकानांत गेलो. तिथे झोपाळे होते, पण सगळे मोठ्या माणसांचे. बाल्कनीत टांगायच्या वेताच्या टोपल्या, त्यात गादी, त्यात बसून कॉफी प्यायची. दुकानदाराने विचारलं, "वजन किती पेलायला हवं?" मी म्हटलं, "14 आणि 18 किलो." त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि 120 किलोचा दाखवला. बायको टोपलीत बसली. पाच मिनिटं उठलीच नाही. त्या पाच मिनिटांत तिने मुलांचं नावही काढलं नाही, हे मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटी फॅब्रिकेटर. स्टेशनच्या पलीकडे याची टपरी, समोर रस्त्यावरच वेल्डिंगच्या ठिणग्या. मी आदल्या रात्री अभ्यास करून गेलो होतो.

"18 गेजचा पाइप लावा," मी रुबाबात म्हणालो. "16 नको, मुलांचा प्रश्न आहे."

तो हसला. "साब, नंबर बढ़ेगा तो पाइप पतला होगा." गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढा पत्रा पातळ. जगात आकडा वाढला की माल कमी होतो असं मला वाटत होतं फक्त बिस्किटाच्या पुड्यात. 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर, 18 म्हणजे 1.2. मी मुलांच्या काळजीपोटी मुलांनाच पातळ पाइपवर टांगायला निघालो होतो.

मग गंज. आमच्या खिडक्यांच्या ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवूनही समुद्राची हवा त्यांना चाटून खाते. जुहूचा वारा पार्ल्यापर्यंत येतो, भाडं न देता. स्टेनलेस घेऊ म्हटलं तर प्रश्न आला, 304 की 316? मला बेस्टच्या बसचे नंबर वाटले. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं, हे कळलं. भाव ऐकल्यावर ते कोणासाठी असतं हेही कळलं. आम्ही जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपवर, पावडर कोटिंगसकट, 18 हजारांत सौदा ठरवला. साखळीला प्लास्टिकची नळी, बोटं अडकू नयेत म्हणून. हुक पूर्ण बंद. एकाच जागी दोन सीटा, आळीपाळीने अडकवायच्या.

आता फक्त सोसायटीची परवानगी उरली होती. 'फक्त' हा शब्द मी त्या दिवसापासून वापरत नाही.

कारण त्या बोळातली जमीन जरी मोकळी दिसली, तरी हवा वाटली गेलेली होती. चार दोऱ्यांखालची हवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. पंपरूमसमोरची सेक्रेटरींच्या स्कूटरची, जी 2011 पासून सुरू झालेली नाही, पण जागा सोडत नाही. मधली हवा मांजरांची. आणि उरलेली रीडेव्हलपमेंटची.

"बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, कशाला खर्च करताय?" सेक्रेटरी म्हणाले.

आमची बिल्डिंग गेली नऊ वर्षं रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. या कारणासाठी जिन्याला रंग नाही, लिफ्टला नवा दोर नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने लग्न केलं नाही. मी म्हटलं, बिल्डिंग पडेल तेव्हा झोपाळा पहिला काढू.

सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उभे राहिले. "आज झोपाळा. उद्या घसरगुंडी. परवा स्विमिंग पूल." सभा गंभीर झाली. जणू माझ्या बोळात ऑलिंपिक भरणार होतं. मग आवाजाचा मुद्दा आला, मग मूल पडलं तर जबाबदारी कोणाची हा मुद्दा, मग डास. डासांचा झोपाळ्याशी संबंध काय हे कोणी विचारलं नाही, कारण आमच्या सभेत डास प्रत्येक ठरावात असतात.

अखेर ठराव झाला: झोपाळा चालेल, पण ठोकायचा नाही, हलवता आला पाहिजे. आता नुसता उभा केलेला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी 'A'सारखा सांगाडा, जोरात झोका घेतला की पाय उचलतो आणि पालथा होतो. तो जमिनीत पक्का हवा, हेच तर सगळं शास्त्र. हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. चित्रातलं मूल उलटं पडताना पाहून चेअरमनबाई म्हणाल्या, "अगं बाई, मग नकोच." तिथून परत वर यायला आणखी दोन सभा लागल्या. शेवटी चार पाय, चार खड्डे, दीड-दीड फूट, काँक्रीट मातीखाली दडलेलं, एवढ्यावर सही झाली.

दुसऱ्याच खड्ड्यात पहार एका पाइपवर आदळली. कोणाचा पाइप? कोणालाच माहीत नव्हतं. सगळे मजले नळ उघडून पाहून आले, पाणी सगळ्यांना होतं. तो पाइप आजही तिथे आहे आणि झोपाळा ठरल्या जागेपासून आठ इंच सरकलेला आहे.

खाली काय घालायचं? लादी नाही, सिमेंट नाही. मूल पडणारच, तर मऊ जमिनीवर पडावं. वाळू मऊ असते, म्हणून एक दिवस वाळू टाकली. दुसऱ्या सकाळी अख्ख्या पार्ल्यातली मांजरं आमचे आभार मानून गेली होती. वाळू काढली आणि रबराच्या जाड लाद्या आणल्या. झोपाळा जितका उंच तितकी लादी जाड, हेही एव्हाना पाठ झालं होतं.

एप्रिलमध्ये ठरवलेला झोपाळा 5 जूनला उभा राहिला, मृग लागायच्या दोन दिवस आधी. आईने दांड्याला हळदकुंकू लावलं आणि पितळी कड्यांची आठवण काढली.

वेळेचं भांडण पहिल्या दहा मिनिटांतच. प्रत्येकाला 50 झोके, असा करार होता. थोरलीचं म्हणणं, धाकट्याचे 50 जास्त वेळ चालतात, कारण तो हलका आहे. मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं, झोक्याला किती वेळ लागणार हे साखळीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. गॅलिलिओ नावाच्या माणसाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. घड्याळ लावून दाखवलं, दोघांचेही 50 झोके दोन मिनिटांच्या आसपास. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्या काकांना सांग, मला अजून 50 पाहिजेत."

सहाव्या दिवशी पाऊस लागला. दोऱ्या भिजल्या. सातव्या दिवशी पाऊस जरा उघडला आणि मी मागचं दार उघडलं, तर झोपाळ्याच्या दांड्यावर दुसऱ्या मजल्याची भली मोठी फुलाफुलांची चादर वाळत होती. तिच्या एका बाजूला तिसऱ्या मजल्याचा टॉवेल, दुसऱ्या बाजूला, मला खात्री आहे, सेक्रेटरींची बंडी. 16 गेजचा पाइप, पावडर कोटिंग, गंज लागणार नाही. मी स्वतःच सभेत सांगितलं होतं.

मी वर बघून हाक मारणार, तेवढ्यात थोरलीने चादर दोन्हीकडून थोडी सरकवली, मधे बसली आणि पायाने रेटा दिला. मागे गेली, पुढे आली, आणि ओल्या चादरीचं टोक फाटकन तोंडावर बसलं. ती इतकी हसली की धाकट्याने रडून आपला नंबर मागितला. मग दोघांचा खेळच ठरला: मागे जायचं, चादर चुकवायची, पुढे येताना पायाच्या अंगठ्याने वरच्या दोरीवरच्या उशीच्या अभ्र्याला शिवायचं. मी बाजूला उभा राहून, ही मुलं अभ्र्याला शिवणार नाहीत अशी प्रार्थना करत होतो, आणि मधूनच थोडा जोर देत होतो.

तेराव्या झोक्याला अंगठा लागला. अभ्रा गरगरला. दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली.

मी मान वर केली, माफी तोंडात तयार होती.

काकूंनी खाली पाहिलं, झोपाळ्याकडे, चादरीकडे, मग माझ्याकडे.

"पाय धुतलेत का रे त्यांचे?"