यशवंतीने लाटलेलं श्रेय

फेब्रुवारी उजाडला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. तानाजी मालुसरे मुलाचं लग्न टाकून निघाले, यशवंती घोरपडीला दोर बांधून कोंढाण्याचा कडा चढले, आणि 'गड आला पण सिंह गेला' म्हणत महाराजांनी गडाचं नाव सिंहगड ठेवलं. खाली ठसक्यात: 'हाच खरा इतिहास.'

आधी घोरपड. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. तिथे ती अर्ध्यातून माघारी फिरते, तानाजी तिला मारून टाकण्याची धमकी देतो, ऐकायला झकास. पण कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत, म्हणजे लढाई झाली त्याच शतकात लिहिलेल्या मजकुरात, घोरपडीचा मागमूस नाही. तिथे दोन निवडक मावळे रात्री वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ लावतात, मग तानाजीसकट बाकीचे वर येतात. माळ म्हणजे दोराची शिडी. एकदा ती लागली की घोरपडीला कामच काय उरतं? शिवाय ती जेमतेम काही किलोंची. नखं रोवून चिकटते हे खरं, पण नेमकी हवी तिथे थांबून गड्यांचं वजन पेलेल, हे जरा अतीच. त्या दोघा मावळ्यांची नावं सभासदाने दिलेली नाहीत. घोरपडीला मात्र नाव आहे, 'यशवंती'!

मुलाचं, म्हणजे रायबाचं, लग्नही पोवाड्यातलंच. सभासदाकडे तानाजी एवढंच म्हणतो की कोंढाणा आपण घेतो. उलट सभासदाने लिहिलेली लढाई मेसेजमध्ये येतच नाही: तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने हाताचीच ढाल केली आणि तो किल्लेदार उदेभानाशी भिडला. दोघेही पडले. मग भाऊ सूर्याजीने लोक सावरून गड घेतला, पागेच्या खणांना आग लावली, आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला.

राहिलं नाव. लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात, गडावरच्या फितव्याबद्दल लिहिताना, 'सिंहगड' हेच नाव आहे. म्हणजे तानाजी पडण्याआधी जवळजवळ सात वर्षं. महाराजांच्या तोंडचं वाक्यही सभासदाकडे निराळं आहे: 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' सिंह त्यात नाहीच.