आई जवळ आहे, मग मूल पडेल कसं?

‘रुग्णालयात दाखल मुलाजवळ आई असतेच. मुलं तशीही पडत-धडपडतच मोठी होतात. मग पडण्याच्या धोक्याचे गुण मांडत बसणं म्हणजे सिस्टरांच्या मागे आणखी एक कागदी काम.’ हा मेसेज गेले काही दिवस फिरतोय. मुलांच्या वॉर्डात काम करणारी म्हणून मला तो मुळीच पटत नाही.

आधी आईचं बोलू. वॉर्डात पडणाऱ्या मुलांपैकी बरीचशी घरचं माणूस शेजारी असतानाच पडतात. रेलिंग खाली करून आई डायपर बदलते, हातातून निसटलेला रुमाल उचलायला वाकते, तेवढ्यात बाळ कुशीवर वळतं. किंवा दोन रात्री जागलेली आई बाळाला छातीशी घेऊन खुर्चीतच झोपते आणि हात सैल पडतात. तिला बोल लावू नका. रेलिंग ‘खट्’ वाजेपर्यंत वर करायचं, वाकताना एक हात बाळावर ठेवायचा, हे दाखल होतानाच तिला करून दाखवायला हवं होतं.

मुलं पडतातच, खरंय. पण घरी ती शुद्धीत, जमिनीवर धावताना पडतात. इथं बेड उंच, हाताला सलाईन, औषधाची झापड.

राहिला पडण्याच्या धोक्याचे गुण मांडायचा तक्ता. बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी ‘हम्प्टी डम्प्टी’ मोजपट्टी मायामीच्या मुलांच्या रुग्णालयात तयार झाली. वय, लिंग, आजार, समज, आजूबाजूची परिस्थिती, शस्त्रक्रिया-भूल आणि औषधं मिळून ७ ते २३ गुण. १२ पासून पुढे धोका जास्त. तिच्यात उणिवा आहेत, हे मीही मानते. दोन वर्षांच्या मुलग्याला नुसत्या वयाचे आणि लिंगाचेच ६ गुण पडतात. २००९ च्या मूळ अभ्यासात पडलेल्या मुलांपैकी ८५ टक्के तिनं ओळखली, पण न पडलेल्यांपैकी जेमतेम २४ टक्क्यांनाच कमी धोक्याची म्हटलं. त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

पण हाच आकडा हलतो, आणि ते पाहणं माझं काम आहे. दहा वर्षांची, शहाणी, चालती-फिरती मुलगी सकाळी ९ गुणांवर असते. दुपारी ऑपरेशन होतं, वेदनेसाठी गुंगी आणणारं औषध सुरू होतं. शस्त्रक्रियेचे दोन गुण वाढले, औषधाचा एक, झाले १२. सिस्टरनं तक्ता पुन्हा भरला नाही, तर रात्री बाथरूमला जायला ती कुणाला न उठवता एकटीच उतरते, सकाळी उतरली होती तशी.